घाबरायला शिकवणाऱ्या कोळेकर मॅडम

कोळेकर मॅडम भित्र्या होत्या. त्या असताना हे वाक्य लिहिलं असतं तर त्यांनी चष्मा वर करून वाचलं असतं आणि "नुसती भित्री न्हाय, लई भित्री लिही" अशी दुरुस्ती सुचवली असती. आता त्या नाहीत. कॉलेजच्या जिन्यात त्यांचा फोटो लावलाय आणि त्याखाली कुणीतरी मोठ्या अक्षरांत 'निर्भय कोरोनायोद्धा' असं छापलंय. जिना चढताना दर वेळी माझं डोकं फिरतं. निर्भय म्हणे! लिफ्टमध्ये एकट्या चढायच्या नाहीत त्या. कुत्र्याला घाबरायच्या, डीनना घाबरायच्या, ओल्या हातानं दिव्याचं बटण दाबायला घाबरायच्या. आणि सगळ्यात जास्त घाबरायच्या त्या पेशंटला.

मी तेव्हा रेसिडेंट होतो, म्हणजे एमबीबीएस होऊन मेडिसिन शिकत होतो आणि शिकता शिकता वॉर्डात राबत होतो. आडनाव माझं मुळे, गाव धाराशिव, कॉलेज शेजारच्या जिल्ह्यात. डॉ. सुगंधा कोळेकर आमच्या विभागात सहयोगी प्राध्यापक होत्या. बाकीचे सर पेशंटच्या खाटेशी उभं राहून विचारायचे, "निदान काय?" मॅडम विचारायच्या, "मुळे, ह्या बाईकडं बघून तुला भीती कशाची वाटते?"

पहिल्या वेळी मी छाती पुढं काढून म्हणालो, "कशाचीच नाही मॅडम. पेशंट स्टेबल आहे."

"मग तू बाजूला हो. ज्याला भीती वाटते त्याला पुढं येऊ दे."

सगळा वर्ग हसला. मला राग आला. पण आठवड्याभरात आम्ही सगळेच खाटेशी गेलो की आधी घाबरायची जागा शोधायला लागलो. ह्याच्या पायाला सूज आहे, रात्रीत गाठ सरकून फुप्फुसात गेली तर? ही आजी फार गप्प आहे, साखर उतरली असेल तर? मॅडम मान हलवत ऐकायच्या. भीती सांगून झाली की मग निदान, मग औषध. त्यांच्या युनिटमध्ये पेशंट कमी दगावायचे, हे बाकीचे सरही कबूल करायचे, फक्त मॅडमसमोर करायचे नाहीत.

त्या भूम तालुक्यातल्या, ईटच्या पलीकडच्या एका वस्तीवरच्या. वडील ग्यानबा मेंढरं राखायचे. वर्षातले आठ महिने बिऱ्हाड घोड्यावर आणि चार महिने घरी, त्यामुळं मॅडमची शाळा मामाच्या गावी झाली. रंग म्हणाल तर काळाभोर. अंगावर साधी सुती साडी, कोपरापर्यंत ब्लाउज, केसांचा घट्ट अंबाडा. एकदा कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणीची समिती आली. मॅडम वॉर्डाच्या दाराशी उभ्या होत्या. समितीच्या प्रमुखांनी आपली बॅग त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "मावशी, जरा गार पाणी आणा." मॅडमनी बॅग ठेवली आणि खरंच पाणी आणून दिलं. अर्ध्या तासानं त्याच गृहस्थांसमोर त्या विभागाची माहिती द्यायला उभ्या राहिल्या तेव्हा प्रमुखांना ठसका लागला आणि परत पाणी मागवावं लागलं.

आम्ही चिडलो होतो. "मॅडम, तिथंच सुनवायचं ना!"

"कशाला? पाणी द्यायला काय जातंय? आन मी भांडले असते तर ते काय म्हणले असते? बघा, कोट्यातनं आलेल्या बाया कशा उद्धट असतात." मग म्हणाल्या, "तुझं चुकलं मुळे, तर मुळ्याचं चुकतं. माझं चुकलं की आमच्या सगळ्यांचं चुकतं. मागनं येणाऱ्या पोरींचंबी चुकतं. म्हणून मी घाबरते."

त्या भटक्या जमातीच्या राखीव जागेतून डॉक्टर झाल्या होत्या आणि ते त्या कधी लपवायच्या नाहीत. आमच्या बॅचमध्ये राखीव जागेतून आलेली तीन मुलं होती. ती आपले प्रवेशाचे मार्क कुणाला सांगायची नाहीत, कॅन्टीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसायची. मॅडम डबा घेऊन थेट त्या टेबलावर जाऊन बसायच्या. बोलायच्या काहीच नाहीत, नुसती ज्वारीची भाकरी आणि ठेचा खायच्या. पुढं पुढं आम्हीही ठेच्याच्या लोभानं त्याच टेबलावर जायला लागलो आणि वेगळं टेबल असं राहिलंच नाही.

मग कोरोना आला. पहिली लाट आम्ही कॉलेजात काढली. लोकांनी थाळ्या वाजवल्या, गेटवर येऊन आमच्यावर फुलं उधळली. मॅडम तेव्हा जिन्याखाली जाऊन उभ्या होत्या, कारण फुलं उधळायला माणसं जवळ येत होती. दुसऱ्या लाटेत धाराशिव जिल्ह्यात डॉक्टर पुरेनात, तेव्हा मॅडमना, मला आणि आणखी काही जणांना तिकडं पाठवलं. ढोकी आणि येडशीच्या मधल्या रस्त्यावर मुलींचं एक रिकामं वसतिगृह होतं, तिथं कोरोना केंद्र उघडलं होतं. भिंतीवर अजून मेसचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं: सोमवार मटकी, मंगळवार पिठलं. खालच्या हॉलमध्ये ऑक्सिजनच्या खाटा, वरच्या मजल्यावर साध्या.

खरं सांगतो, त्या उन्हाळ्याइतका मी कधी घाबरलो नाही. आधी कुठल्याही रोगाला घाबरायचो ते पेशंटसाठी. आता प्रत्येक श्वास मोजून घ्यावासा वाटायचा. सिलिंडर संपत आला की त्याचा आवाज बदलतो, तो बदल झोपेतही ऐकू यायचा. प्लास्टिकच्या पोशाखात सगळे सारखे दिसायचे म्हणून पाठीवर मार्करनं नावं लिहायचो, आणि एखाद्या दिवशी एखादं नाव दिसायचं नाही. मग विचारायचं धाडस होत नसे. येडशीजवळचं रामलिंगाचं देऊळ बंद होतं, तिथली माकडं उपाशी पडून आमच्याकडं यायची आणि कचऱ्यातले हातमोजे ओढून न्यायची. मॅडम माकडांनाही घाबरायच्या. पण सकाळी आठला खालच्या हॉलमध्ये त्यांचं क्लिनिक, म्हणजे खाटेशी उभं राहून शिकवणं, सुरू व्हायचंच. "साथ हाय म्हणून शिकायचं थांबतंय व्हय?" असं म्हणून त्या पहिल्या खाटेशी उभ्या राहायच्या आणि प्लास्टिकच्या आतून ओरडून विचारायच्या, "मुळे, भीती कशाची?" उत्तर सोपं होतं. सगळ्याचीच.

खाट मिळण्याचा नियम आकड्यावर होता. बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावायचं. ते रक्तातला ऑक्सिजन दाखवतं. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा आला तर ऑक्सिजनची खाट, वर आला तर घरी जा आणि गोळ्या घ्या. आमच्याकडच्या खाटा भरल्या की जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन करून मोठ्या दवाखान्यात जागा मागायची. तिथंही पहिला प्रश्न तोच, आकडा किती. नियम वाईट नव्हता. शंभर माणसं दाराशी असताना काहीतरी मोजमाप लागतंच.

ढोकीच्या परिसरात ऊसतोडीच्या टोळ्या अजून होत्या. हंगाम संपत आला होता, फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या होत्या. आशाताई रोज जाऊन सगळ्यांना चिमटा लावून यायच्या आणि रोज सगळे पास. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. आम्हाला बरं वाटलं. मॅडमना भीती वाटली.

"इतकी मानसं एका कोपीत झोपत्यात आन एकालाबी काय न्हाय? चल, बघून येऊ."

आम्ही गेलो तेव्हा एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं आणि टोळीतल्या सगळ्या बाया चुलीपुढं हात शेकत बसल्या होत्या. मला वाटलं ह्यांना उन्हानं वेड लागलं. मॅडम खाली बसल्या आणि त्यांच्याच बोलीत विचारायला लागल्या. कौसाबाई नावाची चाळिशीची एक बाई बोलकी होती.

"आवं बाई, गार बोटाला ते यंत्र नापास करतंय. शेजारच्या कोपीतला गडी नेला, त्येचं बोट गार लागलं म्हनं. परत आला तो प्लास्टिकात. म्हून आमी आशाताई यायच्या आदी बोटं शेकतो."

बोट गार असलं तर यंत्र नीट चालत नाही, हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी त्याचा असा अर्थ लावला होता. मी हसायच्या बेतात होतो. मॅडमनी माझ्याकडं असं पाहिलं की माझं हसू मास्कमध्येच विरलं.

त्या रागावल्या नाहीत. उठल्या आणि म्हणाल्या, "बरं, यंत्र ऱ्हाऊ द्या. समद्याजणी त्या बैलगाडीपर्यंत चालत जा आन परत या. घाई करू नका." बाया चालायला लागल्या. मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "आमचे बापू सकाळी कळप हलवायचे न्हायत एकदम. थोडा चालवायचे आन मागं उभं ऱ्हाऊन बघायचे. बसलेलं मेंढरू आजार दाखवत न्हाय, कुत्रं जवळ आलं की तर मुळीच न्हाय. चालायला लागलं की दिसतं."

कौसाबाई गाडीपर्यंत गेली आणि परतताना निम्म्या वाटेत उभी राहिली. पदर सारखा केला, जणू त्याचसाठी थांबली होती. मॅडमनी तिथूनच विचारलं, "कौसाबाई, पोरं किती?" कौसाबाईनं "दोन" म्हणून तोंड उघडलं, मग श्वास घेतला आणि मग "पोरी" म्हणाली. मी धावत जाऊन चिमटा लावला. पंच्याण्णव.

"पास हाय की," कौसाबाई म्हणाली.

मॅडम तिच्या बरगड्यांकडं बघत होत्या. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. "गाडीत घाल हिला," त्या मला म्हणाल्या.

खालच्या हॉलमध्ये एकच खाट मोकळी होती. कौसाबाईला तिथं झोपवून ऑक्सिजन लावतो न लावतो तोच एक बागायतदार आपल्या वडिलांना घेऊन आला. म्हाताऱ्यांचा आकडा ब्याण्णव. नियमानं खाट त्यांची. मुलानं आधी हात जोडले, मग खाटेवर कोण आहे ते पाहिलं, आकडा विचारला आणि ओरडायला लागला. पंच्याण्णववाली ऊसतोडीची बाई खाटेवर आणि माझा बाप दारात? कोट्यातून झालेली डॉक्टरीण, हिला आकडे तरी कळतात का? हॉलमधले सगळे ऐकत होते.

मॅडमनी त्याला एकही शब्द उलटून ऐकवला नाही. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, कारण त्या तेच पुटपुटत होत्या. "माझं चुकलं आसंल तर हे म्हातारे जातील. माझ्यामुळं जातील." आणि तरी त्यांनी कौसाबाईला हलवलं नाही. राखून ठेवलेला एक सिलिंडर म्हाताऱ्यांना लावून अॅम्ब्युलन्समधून धाराशिवला रवाना केलं, आणि त्याच अॅम्ब्युलन्समध्ये बर्फात ठेवून कौसाबाईच्या रक्ताची नळी पाठवली. मनगटातल्या धमनीतून रक्त काढून यंत्रावर घातलं की ऑक्सिजनचा खरा आकडा कळतो, बाहेरच्या पेशंटसाठी ते यंत्र तिथल्या एका खासगी लॅबमध्येच होतं. दोन्हीकडून फोन येईपर्यंत मॅडम हॉलच्या दारात उभ्या राहिल्या. पाणीही प्यायल्या नाहीत.

आधी म्हाताऱ्यांचा फोन आला. पोचले, खाट मिळाली. मग लॅबचा. कौसाबाईचा खरा आकडा सत्त्याऐंशी.

सत्त्याऐंशी! चिमटा पंच्याण्णव दाखवत होता. सरवदे सिस्टर, आमच्या केंद्रातल्या सगळ्यात जुन्या नर्स, त्यांनी तर चिमटा उलटा-सुलटा करून पाहिला. तो बिघडलेला नव्हता. त्या चिमट्यातून उजेड बोटात जातो आणि त्यावरून आकडा ठरतो. काळ्या कातडीतून तो उजेड नीट कळत नाही आणि यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. परदेशातल्या डॉक्टरांनी तिथल्या काळ्या लोकांबाबत हे लिहिलं होतं. मॅडमनी ते मोबाईलवर शोधून दुसऱ्या दिवशीच्या क्लिनिकमध्ये आम्हाला वाचून दाखवलं.

"तिकडं ज्याला काळा म्हणत्यात, तो आपल्या टोळीत गोरा दिसंल," मॅडम म्हणाल्या. "ह्या बाया वर्साचे सहा महिने उन्हात राबत्यात. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांनी कौसाबाईचं बोट कधी बघितलंच न्हाय, मुळे. आन आपण त्याच्यावर खाट वाटतोय."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की इतके दिवस आम्ही किती जणांना पास करून घरी पाठवलं असेल.

कौसाबाई वाचली. टोळी तिला सोडून गावी गेली होती, म्हणून दोन्ही पोरी मामाला घेऊन तिला न्यायला आल्या. जाताना तिनं मॅडमच्या प्लास्टिकवरूनच कडाकडा बोटं मोडली. मॅडम दचकून मागं सरकल्या आणि म्हणाल्या, "आगं, लांबनं, लांबनं!"

पण रक्त तपासून घ्यायची ती सोय चार दिवसच टिकली. लॅबचा माणूस स्वतः आजारी पडला आणि लॅब बंद झाली. मॅडमनी वर कळवलं, फोन केले, यंत्राबद्दल सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. साथीच्या धामधुमीत नियम बदलायला कुणाला सवड नव्हती, आणि खाटा तर त्यांच्याकडंही नव्हत्या. आता मॅडमकडं फक्त त्यांचे डोळे उरले, आणि त्यांच्या डोळ्यांना नियंत्रण कक्षात किंमत नव्हती.

तेव्हाच तुळशीराम आबा आले. हे ईटकडचेच, सत्तरीचे, मेंढरं राखणारे. लेकीकडं येडशीला आले होते आणि तिथंच आजारी पडले. मॅडमच्या पाठीवरचं नाव नातवाकडून वाचून घेऊन त्यांनी विचारलं, "तू ग्यानबाची पोर न्हवं का? तुला ह्या खांद्यावर बसवून ओढा पार केलाय म्या."

आबांचा आकडा पंच्याण्णव होता. आमची एकही खाट मोकळी नव्हती. मॅडमनी त्यांना चार पावलं चालवलं, पाठीला हात लावला आणि स्वतः फोन केला. कक्षातला माणूस नम्र होता. "मॅडम, पंच्याण्णवला मी कशी खाट देऊ? ऐंशी आकड्याची माणसं इथं व्हरांड्यात आहेत." मॅडमनी पुन्हा समजावलं. पुन्हा तेच उत्तर.

सरवदे सिस्टर जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, नव्वद सांगा की. कोण बघायला येतंय?"

मॅडमनी फोन पुन्हा हातात घेतला. आबा बाकावर बसून आम्हा सगळ्यांकडं बघून हसत होते. मी मनात म्हणत होतो, सांगा, सांगून टाका.

"न्हाय सिस्टर," त्या म्हणाल्या. "माझा एक आकडा खोटा सापडला ना, तर मी कौसाबाईचं जे सांगितलं तेबी खोटं ठरंल. उद्या आमच्यातली एखादी पोर हितं उभी राहून खरं सांगंल आन कुणी ऐकणार न्हाय. म्हणतील, ती कोळेकर अशीच करायची." त्यांच्या आवाजात राग नव्हता. भीती होती, तीच, पाणी आणून देणारी.

आबांना वरच्या मजल्यावर ठेवलं, ऑक्सिजनची पहिली मोकळी खाट त्यांना द्यायची असं ठरवून. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा पिता पिता त्यांनी कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकले. नातवाला वाटलं डोळा लागला.

त्यानंतर मॅडमनी क्लिनिक घेतलं, पेशंट पाहिले, सगळं केलं. पण भीती कशाची, हा प्रश्न विचारायचं सोडलं. मी एकदा आपणहून म्हणालो, "मॅडम, ह्या पेशंटची मला भीती वाटते." त्यांनी नुसतं "हं" केलं आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

आठवड्याभरात त्यांना ताप आला. तपासणी पॉझिटिव्ह. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्या राहायला लागल्या. सकाळ-संध्याकाळ मी दारात उभा राहून विचारायचो. पाचव्या दिवशी सकाळी विचारलं, "मॅडम, कसं वाटतंय?"

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. "बरी हाय. तू जा."

इतक्या वर्षांत ह्या बाईनं साध्या सर्दीला बरं वाटतंय म्हटलं नव्हतं. सर्दी झाली तर त्या न्यूमोनियापासून सुरुवात करायच्या. मी आत गेलो. त्या पलंगाच्या कडेला दोन्ही तळवे टेकून पुढं वाकून बसल्या होत्या. मानेच्या शिरा प्रत्येक श्वासाला ताठ होत होत्या. मी त्यांना दारापर्यंत चला म्हटलं. त्या उठल्या, दोन पावलं टाकली आणि खिडकीचा गज धरला. मी चिमटा लावला. शहाण्णव.

"पास," मॅडम म्हणाल्या. त्यांना हसायचं होतं, जमलं नाही.

सरवदे सिस्टरनी चिमटा बदलला. शहाण्णव. माझ्या बोटाला लावला, अठ्ठ्याण्णव. त्या आकड्यानं पाहिलं तर आमच्यात काही फरक नव्हता, मी धावत जिना चढून आलो होतो आणि मॅडमना वाक्य पुरं करता येत नव्हतं. खालच्या हॉलमध्ये खाट नव्हती. मी नियंत्रण कक्षाला फोन लावला. खरं सांगितलं. प्राध्यापक आहेत, कोरोनाचं काम करताना आजारी पडल्यात, आकडा शहाण्णव आहे पण तो खोटा आहे. पलीकडचा माणूस खरंच कळवळला. "डॉक्टर, मॅडमना मी ओळखतो हो. पण शहाण्णव कसं चालेल? मला उद्या जाब विचारतील."

मी फोन ठेवला. बाहेर आलो. कठड्यावर एक माकड बसलं होतं. मी पुन्हा फोन लावला आणि म्हणालो, "आत्ता परत तपासलं. अठ्ठ्याऐंशी."

पाच मिनिटांत खाट मिळाली. मला त्याचा पस्तावा नाही. तेव्हा नव्हता, आज नाही. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा खरा आकडा एक्याऐंशी निघाला, म्हणजे माझं खोटंसुद्धा खऱ्याच्या मानानं बरंच सौम्य होतं. उशीर झाला होता. त्या तिथून परत आल्या नाहीत.

पण ते नंतर. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा दुपार होती. मॅडमनी स्ट्रेचरवर झोपायला नकार दिला, आडवं झालं की गुदमरायचं. मी आणि सिस्टरनी त्यांना धरून आत बसवलं. ऑक्सिजन लावला. त्यांनी माझी बाही धरली.

"शहाण्णवला... खाट कशी दिली?"

त्यांच्याशी खोटं बोलायची माझी कधीच छाती झाली नव्हती.

"किती सांगितलंस?"

"अठ्ठ्याऐंशी."

त्या रागावतील असं मला वाटलं. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, बोला मॅडम, काय बोलायचं ते बोला, पण आधी पोचा. त्या रागावल्या नाहीत. त्यांचे डोळे मोठे झाले. मी त्यांना कायम घाबरलेलंच पाहिलं होतं, पण अशी भीती त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती.

"इतकं सोपं होतं?" त्या म्हणाल्या. मग श्वास घेतला. "आबांसाठी... एवढंच... करायचं होतं?"

"मॅडम, बोलू नका," एवढंच म्हणालो.

"तू माझ्यासाठी खोटं बोललास... टोळीतल्या बायांसाठी..." पुढचं त्यांना जमलं नाही. त्यांनी बाही सोडली.

चालकानं घाई केली आणि मी खाली उतरलो. दार लागलं. मागच्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. मॅडम माझ्याकडं तोंड करून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, प्रत्येक श्वासाला खांदे कानापर्यंत वर येत होते. त्यांच्यासोबत जाणारा अॅम्ब्युलन्सवरचा मुलगा नवा होता, कामसू होता. त्यानं बसल्या बसल्या मॅडमचं बोट पुसलं, चिमटा लावला, आकडा पाहिला. मग काचेकडं वळून, मला धीर यावा म्हणून, त्यानं हसून मान डोलावली आणि हातानं खूण केली की सगळं ठीक आहे.